आधी झरा मोजा, खोल्या मग: डोंगरगावात होमस्टे काढणाऱ्यांसाठी

डोंगरातल्या गावात होमस्टे काढायचे ठरले की पहिली बैठक खोल्यांवरच होते. किती काढायच्या, बाथरूम आत की बाहेर, फोटो कोण काढणार. माझं काम भूजलाचं, म्हणजे पाणी डोंगरात कुठे मुरतं आणि कुठे बाहेर येतं ते शोधण्याचं. त्यामुळे मला बोलावणं येतं ते दोन-तीन सीझन उलटल्यावर, नळ कोरडे पडले की. "ताई, पूर्वी पाणी भरपूर होतं हो," असं सगळे सांगतात, आणि ते खरंही असतं. पण तोवर खोल्या बांधून झालेल्या असतात, कर्जाचे हप्ते सुरू असतात आणि पाहुणे कमी करा असं सांगितलेलं कुणालाच परवडत नाही. म्हणून इथे क्रम उलटा ठेवला आहे. आधी पाणी, मग मैला, मग घरातल्या माणसांची ताकद, मग पैशांची वाटणी. खोल्या सगळ्यात शेवटी.

झरा कसा मोजायचा

एक बादली, मोबाइलमधलं स्टॉपवॉच आणि वही एवढं पुरतं. बादलीवर वीस लिटरची खूण मात्र स्वतः करा, लिटरच्या बाटलीने मोजून पाणी ओता आणि तिथे रेघ मारा. दुकानातली 'वीस लिटर'ची बादली काठोकाठ भरल्यावर वीस लिटर होते, कधी तेवढीही होत नाही, आणि काठोकाठ भरलेली बादली कुणी धरू शकत नाही. झऱ्याची धार इकडेतिकडे फुटत असेल तर मातीचा छोटा बांध घालून मधे पाइपचा तुकडा बसवा, म्हणजे सगळं पाणी एका तोंडातून येईल. बादली भरायला किती वेळ लागतो ते सकाळी आणि संध्याकाळी तीन-तीनदा मोजा आणि सरासरी काढा. गावात चार झरे असतील तर चारही मोजा.

मोजायचं ते वर्षातल्या सगळ्यात कोरड्या आठवड्यात. पाऊस नुकताच संपल्यावर किंवा बर्फ वितळत असताना मोजलेला आकडा नुसता मनाला बरं वाटावं म्हणून असतो. तो आठवडा कोणता हे गावातल्या पाणी भरणाऱ्या बायकांना तारखेसकट ठाऊक असतं, त्यांना विचारा.

आता हिशेब. समजा बादली दोन मिनिटांत भरली. म्हणजे मिनिटाला १० लिटर, दिवसाला १४,४०० लिटर. ऐकायला खूप वाटतं. गावात २०० माणसं आहेत असं धरू. भारतात ग्रामीण नळयोजनांसाठी माणशी ५५ लिटर धरतात, त्या मापाने ११,००० लिटर गेले. साठ गुरं असतील आणि एकेकाला ४० लिटर लागत असतील तर आणखी २,४००. उरले १,०००. यातलं निम्मं तरी ओढ्याला आणि रानाला सोडायचं, कारण खालच्या गावाचा झरा हाच असू शकतो. हाती राहिले ५००.

शॉवर मिनिटाला आठ-दहा लिटर पाणी सोडतो. पाच मिनिटांच्या आंघोळीला चाळीस-पन्नास लिटर जातात, फ्लशच्या प्रत्येक ओढीला सहा ते दहा, आणि रोज चादरी बदलल्या तर धुण्याचं पाणी वेगळं. असा पाहुणा दिवसाला १०० लिटर सहज वापरतो. ५०० लिटरमध्ये असे पाच पाहुणे बसतात. पाच खोल्या नव्हेत, सगळ्या गावात मिळून पाच पाहुणे. तेच बादलीची आंघोळ, कोरडा म्हणजे बिनपाण्याचा संडास आणि तीन दिवसांनी चादर असं ठेवलं तर माणशी ५० लिटरमध्ये भागतं आणि दहा जण राहू शकतात. म्हणजे बाथरूममध्ये काय बसवायचं हा सजावटीचा प्रश्न नाही, गावाचं उत्पन्न त्यावर ठरतं.

यावर बैठकीत नेहमी एक उत्तर येतं: पाहुणे तर पाणी असतानाच येतात. काही ठिकाणी खरंच तसं असतं. मग महिन्यागणिक वेगळा आकडा काढा आणि पाणी असेल तेव्हा जास्त पाहुणे घ्या, माझी हरकत नाही. पण शहरातली माणसं उकाड्याला कंटाळून डोंगरात येतात, आणि नेमके तेव्हाच पुष्कळ झरे तळाला गेलेले असतात.

टाकी नसेल तर आधी टाकी बांधा. मिनिटाला १० लिटर देणारा झरा रात्रीच्या आठ तासांत ४,८०० लिटर देतो आणि टाकीशिवाय ते सगळं वाहून जातं. टँकरने पाणी आणून पाहुणे सांभाळायचा विचार असेल तर तो सोडा. ते पाणी कुठल्या तरी दुसऱ्या झऱ्याचंच असतं.

झऱ्याचं पाणी मुरतं कुठे हेही शोधावं लागतं. ती जागा झऱ्याच्या बरोबर वर असेलच असं नाही. खडकाचे थर ज्या बाजूला कललेले असतात त्या बाजूला पाणी आतल्या आत सरकतं, त्यामुळे मुरण्याची जागा कधी डोंगराच्या पलीकडच्या उतारावर निघते. जाणकाराला एकदा बोलावून ती जागा नकाशावर काढून घ्या, आणि पाणी मुरवण्याचे चर सोडले तर तिथे खोदकाम, रस्ता, संडास यातलं काहीही होणार नाही असा ठराव करा. सिक्कीममध्ये २००८ पासून 'धारा विकास' नावाने हेच काम झालं: मुरण्याच्या जागा शोधून तिथे उताराला आडवे चर आणि खड्डे खणले आणि सुकत चाललेल्या झऱ्यांना पुन्हा पाणी आणलं. चर खणायला मोठं यंत्र लागत नाही, कुदळ-फावडं पुरतं.

पाहुण्याने सोडलेलं पाणी

झऱ्याचं मोजमाप तरी लोक ऐकतात. सांडपाण्याचा विषय काढला की माणसं घड्याळ बघायला लागतात.

सेप्टिक टँक मैला साफ करते हा गैरसमज आहे. तिच्यात गाळ खाली बसतो, थोडा कुजतो, आणि बाहेर पडणारं पाणी घाणच असतं. ते पुढे शोषखड्ड्यात जाऊन जमिनीत मुरताना गाळलं जावं अशी योजना असते. थंडीत जिवाणू मंदावतात, त्यामुळे उंचावरची टाकी मैदानातल्या टाकीइतकं काम करत नाही. त्यात कुणी फिनेल आणि ब्लीच ओतत राहिलं तर उरलेसुरले जिवाणूही जातात. शोषखड्डा झऱ्यापासून किंवा विहिरीपासून किमान ३० मीटर लांब आणि उताराच्या खालच्या बाजूला हवा. चुनखडीच्या डोंगरात तेवढ्यानेही भागत नाही. तिथे पाणी गाळलं न जाता भेगांतून थेट धावतं आणि वरच्या वाडीतला मैला खालच्या वाडीच्या झऱ्यात उतरतो.

आणखी एक गोष्ट शोषखड्ड्याच्या सरकारी नमुन्यात नसते. गाव जुन्या दरडीच्या ढिगाऱ्यावर वसलेलं असेल तर जमिनीत पाणी मुरवणंच धोक्याचं. डोंगरातली पुष्कळ गावं अशाच जागी असतात, कारण शेतीपुरती सपाटी आणि माती तिथेच मिळते. उत्तराखंडमधलं जोशीमठ जुन्या भूस्खलनाच्या मलब्यावर उभं आहे आणि तिथे जड बांधकाम नको, पाण्याचा नीट निचरा करा, हे सरकारने नेमलेल्या मिश्रा समितीने १९७६ मध्येच लिहून ठेवलं होतं. जानेवारी २०२३ मध्ये तिथल्या शेकडो घरांना तडे गेले. खचण्याची कारणं अनेक सांगितली जातात, पण वर्षानुवर्षं जमिनीत झिरपणारं सांडपाणी त्या यादीत असतंच. तुमच्या गावात झाडांचे बुंधे वाकलेले असतील, भिंतींना तिरपे तडे असतील, पायऱ्या दरवर्षी सरकत असतील, तर सांडपाणी पक्क्या गटारातून गावाबाहेर काढा आणि खाली लव्हाळ्याच्या वाफ्यात सोडा.

या सगळ्यावर मला सगळ्यात आवडणारा उपाय जुना आहे. लडाखमधल्या घरांत दुमजली कोरडा संडास असतो: वर बसायची जागा, खाली कोठी, आणि प्रत्येक वापरानंतर फावडंभर माती किंवा राख. पाणी लागत नाही, म्हणून नळ गोठले तरी अडत नाही, आणि शेवटी शेताला खत मिळतं. पाहुण्यांसाठी असा संडास बांधताना दोन कोठ्या ठेवा. एक भरली की बंद करून दुसरी वापरायची. बंद कोठी थंड हवेत दीड ते दोन वर्षं उघडायची नाही, रोगजंतू मरायला तेवढा काळ लागतो. वास येतो तो ओलाव्याने, म्हणून लघवी वेगळी काढणारं भांडं बसवा, कोठीतून छताच्या वरपर्यंत पाइप न्या आणि पाइपच्या तोंडाला जाळी लावा. आत पाहुण्यांच्या भाषेत दोन ओळींची पाटी हवी. राखेचा डबा रिकामा सापडला तर पाटीचा उपयोग नाही, तेव्हा तो भरायचं काम रोज एका ठरावीक माणसाकडे द्या. पाहुणे नाक मुरडतील अशी भीती सगळ्यांना असते. स्वच्छ, कोरडा, खिडकीतून डोंगर दिसणारा संडास असेल तर पाहुणे त्याचेही फोटो काढतात.

कचऱ्याचं थोडक्यात. जे गावात कुजत नाही ते पाहुण्याने परत न्यायचं, आणि हे बुकिंगच्या वेळीच कळवायचं. गावाने ठरवलं तर बंदीही घालता येते. एव्हरेस्टच्या पायथ्याच्या खुंबू भागात १९९८ पासून काचेच्या बाटल्यांतलं पेय आणायला बंदी आहे, कारण रिकाम्या बाटल्या खाली वाहून न्यायला कुणी तयार नसायचं. पाण्याच्या प्लास्टिक बाटल्या टाळायच्या तर तुमचं पाणी भरवशाचं हवं. अन्नपूर्णा परिसरात वाटेवरच्या गावांत ओझोनने शुद्ध केलेलं पाणी विकणारी केंद्रं याचसाठी उभी राहिली. घरी एवढं पुरे: दोन हजार मीटरच्या वर पाणी उकळी फुटल्यानंतर तीन मिनिटं उकळू द्या आणि झाकून ठेवा. तीन हजार मीटरवर पाणी ९० अंशांच्या आसपासच उकळतं, त्यामुळे स्वयंपाकाला वेळ आणि सरपण दोन्ही जास्त लागतं. प्रेशर कुकर घ्या, जंगल वाचेल.

घरातली माणसं

सकाळी पाहुण्याच्या आधी उठायचं आणि रात्री त्याच्या नंतर झोपायचं, हे सहसा घरातल्या बाईच्या वाट्याला येतं, आणि खातं नवऱ्याच्या नावावर असतं. होमस्टे घ्यायचा की नाही हे ठरवण्याआधी तिचा एक पूर्ण दिवस तासागणिक लिहून काढा. पाणी, गुरं, शेत, स्वयंपाक, मुलं. यात पाहुण्याचे तीन-चार तास कुठे बसतात ते तिनेच दाखवावं. बसत नसतील तर कुठलं काम कोण उचलणार हे त्याच बैठकीत, सगळ्यांसमोर ठरावं. पैसे थेट तिच्या खात्यात यावेत यावर मी अडून बसते, आणि त्यावरून माझे वादही होतात. उत्तराखंडमधल्या मुनस्यारीजवळच्या सरमोली गावात होमस्टेचा कारभार बायकांच्या संघटनेने चालवला. २०२३ मध्ये पर्यटन मंत्रालयाने ते देशातलं उत्कृष्ट पर्यटन गाव ठरवलं.

पेरणी आणि कापणीच्या दिवसांत होमस्टे बंद ठेवा. आठवड्याचा एक दिवस बिनपाहुण्यांचा असू द्या. शेती सोडून पूर्णवेळ पाहुण्यांवर बसू नका. २०२० साली पर्यटन एका झटक्यात थांबलं, तेव्हा ज्यांची शेतं पड होती त्यांची काय गत झाली ते सगळ्यांनी पाहिलं आहे.

पाळीची वही

पाहुणे कुणाकडे उतरणार यावरून गावं फुटतात. रस्त्यालगतच्या दोन घरांना रोज गिऱ्हाईक आणि वरच्या आळीला कुणी नाही, असं एक वर्ष चाललं की वरची आळी पाण्याच्या पाइपवरही भांडायला लागते. यावर पाळी हा उपाय जुना आणि चालणारा आहे. नेपाळमधल्या सिरुबारीत १९९७ मध्ये होमस्टे सुरू झाले तेव्हापासून पाहुणे गावच्या समितीकडे येतात आणि समिती त्यांना घरं वाटून देते. लडाखमध्ये हेमिस राष्ट्रीय उद्यानातल्या रुंबकसारख्या गावांतही पाळी चालते.

वही गावात सगळ्यांना दिसेल अशा जागी ठेवा. घरांची नावं क्रमाने लिहा. एखाद्या घरात आजारपण किंवा दुखवटा असेल तर त्यांची पाळी पुढे जाते, बुडत नाही. जुना पाहुणा नाव घेऊन विशिष्ट घर मागत असेल तर त्याला तिथे पाठवा, पण ती त्या घराची पाळी धरा. अस्वच्छ घराची पाळी समिती थांबवू शकते, मात्र काय सुधारायचं ते लेखी देऊन. दर सगळ्या गावात एकच असावा आणि पाटीवर लिहिलेला असावा. घासाघीस सुरू झाली की आधी दर उतरतो, मग चादरी मळतात.

ज्यांच्याकडे जादा खोली नाही त्यांना विसरू नका. वाटाड्या, सामान वाहणारे, भाजी पुरवणारे, धुणं करणारे म्हणून त्यांची नावं दुसऱ्या वहीत, तीही पाळीने. आणि सगळ्यांच्या कमाईतून ठरावीक हिस्सा गावनिधीत. दहा टक्क्यांपासून सुरुवात करा. तो खर्च झऱ्यावर, वाटांवर, कचऱ्यावर, आणि वन्यप्राण्यांनी केलेल्या नुकसानीवर व्हावा. लडाखमध्ये हिमबिबट्या शेळ्यामेंढ्या मारायचा म्हणून लोक त्याच्यावर उठायचे. होमस्टेचं उत्पन्न आलं, जाळीने बंद केलेले गोठे आले, आणि ज्या जनावराला पाहायला पाहुणे येतात ते टिकावं असं त्याच लोकांना वाटायला लागलं. निधीचा हिशेब महिन्यातून एकदा मोठ्याने वाचला गेला पाहिजे. भिंतीवर चिकटवलेला हिशेब कुणी वाचत नाही.

एक नियम मात्र पहिल्याच दिवशी करा, नंतर जमत नाही: होमस्टेचा मालक त्याच घरात राहणारा असावा. हे नसेल तर बाहेरचा पैसा जमीन घेतो, बंद दारांचे बंगले उभे राहतात आणि झऱ्याचा वापर वहीत कुठेच दिसत नाही.

आता खोल्या

नवं बांधण्याआधी गावातली बंद घरं मोजा. इटलीत फ्रियुलीच्या डोंगराळ भागात १९७६ च्या भूकंपानंतर ओस पडलेली गावं पुन्हा नांदती करताना 'अल्बेर्गो दिफ्फूसो' म्हणजे विखुरलेलं हॉटेल ही कल्पना निघाली. स्वागताची जागा एका घरात, झोपायच्या खोल्या गावभरच्या जुन्या घरांत. नवा पाया न खणता खोल्या मिळतात, आणि जुन्या घरांची डागडुजी होते.

दगड, लाकूड आणि मातीची भिंत पाडून सिमेंटची बांधू नका, थंडीत ती खोली नुसती कुडकुडवते. भिंतीत लाकडाचे पट्टे असतील तर ते तिथे शोभेला बसवलेले नाहीत. २००५ च्या काश्मीर भूकंपात लाकडी चौकटीची 'धज्जी दिवारी' घरं कित्येक नव्या बांधकामांपेक्षा चांगली टिकली. ऊब हवी असेल तर सूर्याकडची, म्हणजे उत्तर गोलार्धात दक्षिणेची, जाड भिंत गडद रंगवून तिच्यापुढे वीतभर अंतराच्या आत काच लावा. दिवसभर तापलेली भिंत रात्री खोलीत उष्णता सोडते. फ्रेंच अभियंते फेलिक्स त्रोंब यांनी १९६७ मध्ये फ्रान्समधल्या पिरेनीज पर्वतातल्या ओदेयो इथे असं घर उभं केलं, म्हणून अशा भिंतीला त्रोंब भिंत म्हणतात.

झोपायच्या खोलीत कोळशाची शेगडी कधीही देऊ नका, पाहुण्याने कितीही विनवलं तरी. बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड हा विषारी वायू साठतो, त्याला वास नसतो, आणि झोपलेला माणूस उठत नाही. बाथरूममधल्या गॅस गिझरचंही तेच, तो बाहेरच्या भिंतीवर लावा. जादा रजई आणि गरम पाण्याची पिशवी यावर थंडी निभावते.

तुमचं गाव अडीच हजार मीटरच्या वर असेल तर आलेल्या पाहुण्याला आधी एकच विचारा: काल रात्री कुठे झोपला होतात? विरळ हवेची शरीराला हळूहळूच सवय होते, म्हणून तीन हजार मीटरच्या वर मुक्कामाची उंची रोज पाचशे मीटरपेक्षा जास्त वाढवू नये. डोकेदुखी आणि मळमळ असताना वर पाठवायचं नाही. तोल जात असेल किंवा बसल्या जागी धाप लागत असेल तर सकाळची वाट न पाहता खाली उतरवायचं. त्यासाठी गाडी आणि ड्रायव्हर कोण, हे आधीच ठरलेलं हवं.

पहिल्या सीझनला झऱ्याने सांगितलेल्या आकड्याच्या निम्मेच पाहुणे घ्या. सुरू करण्याआधी घरमालकाने स्वतः त्या खोलीत वर्षातल्या सगळ्यात थंड रात्री झोपून बघावं, अंधारात संडासापर्यंत चालत जाऊन यावं. पायरी कुठे हवी, दिवा कुठे हवा, हे तिथल्या तिथे कळतं.

सीझन संपला की कामं राहतात ती अशी. नळातलं आणि सोलर हीटरमधलं पाणी पूर्ण काढून टाका, नाहीतर गोठून पाइप फुटतात. रजया उन्हात घाला. संडासाच्या बंद कोठीवर तारीख लिहा. पाळीच्या वहीत कुणाची पाळी राहिली त्या नावाखाली रेघ ओढा, पुढचा सीझन तिथून सुरू होईल. गावनिधीतून चर दुरुस्तीचे पैसे बाजूला काढा, आणि ते काम पाऊस पडायच्या आत उरका.